अमेरिकेतील आरोग्यसेवक-प्रशिक्षण आणि स्थलांतरित उद्योजक : एक आढावा

प्रश्नाची व्याप्ती

अमेरिकेत काम करणाऱ्या डॉक्टरांपैकी साधारण चौथा हिस्सा आणि घरोघरी जाऊन वृद्धांची व आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या सेवकांपैकी सुमारे ४० टक्के लोक परदेशात जन्मलेले आहेत. या मनुष्यबळाला शिकवून तयार करण्याच्या व्यवसायातही गेल्या दोन दशकांत स्थलांतरित उद्योजक ठळकपणे दिसू लागले असून, त्यांच्या कंपन्यांविषयी जे लिहिले व बोलले जाते त्यात दोन वेगळ्या चर्चा सरमिसळ झालेल्या आढळतात. स्थलांतरितांच्या उद्योजकतेची चर्चा ही त्यांपैकी एक, आणि आरोग्यसेवेतील मनुष्यबळाच्या टंचाईची चर्चा ही दुसरी. पहिलीत कंपनी काढणारा माणूस केंद्रस्थानी असतो, तर दुसरीत तो रुग्णालये, राज्यांची परवाना मंडळे, विमा योजना आणि वेतनमान अशा अनेक घटकांपैकी एक, आणि बहुधा त्यांतला लहान घटक, ठरतो. या दोन्ही चर्चा एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय वादाची सद्यःस्थिती नीट कळत नाही.

‘आरोग्यसेवक-प्रशिक्षण’ या संज्ञेत येथे तीन पायऱ्या धरल्या आहेत. वरच्या पायरीवर डॉक्टर असून त्यांना परवान्यासाठी यूएसएमएलई ही टप्प्याटप्प्याची परीक्षा आणि त्यानंतर रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातील पगारी उमेदवारी, पार करावी लागते. मधल्या पायरीवर नोंदणीकृत परिचारिका असून त्यांची परवाना परीक्षा एनक्लेक्स या नावाने ओळखली जाते. खालच्या पायरीवर शुश्रूषागृहातील नर्सिंग असिस्टंट, घरी जाणारे होम हेल्थ एड आणि दवाखान्यात रक्तदाब मोजणे, रक्ताचे नमुने घेणे, नोंदी ठेवणे अशी कामे करणारे मेडिकल असिस्टंट येतात. प्रशिक्षणाचे नियम, त्याचा खर्च आणि त्यातून मिळणारे वेतन या तिन्ही पायऱ्यांवर इतके भिन्न आहे की एका पायरीवरचा अनुभव दुसरीला लावणे ही या चर्चेतील सर्वांत नेहमीची चूक म्हणावी लागेल.

पूर्वपीठिका

नफ्यासाठी आरोग्यशिक्षण देणाऱ्या संस्थांविषयीचा अमेरिकेतील संशय शतकाहून जुना आहे. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडातील वैद्यकीय शाळांची पाहणी करून सादर केलेल्या अहवालात मालकी तत्त्वावर चालणाऱ्या, प्रयोगशाळा व रुग्णालय यांचा आधार नसलेल्या शाळांवर कठोर टीका होती, आणि त्यानंतरच्या वर्षांत अशा शाळा मोठ्या संख्येने बंद पडल्या. त्या लाटेत कृष्णवर्णीयांसाठीच्या सात वैद्यकीय शाळांपैकी पाच बंद झाल्या, ही त्या सुधारणेची दुसरी बाजू होय. विद्यापीठ, रुग्णालय आणि परवाना यांची जी साखळी तेव्हा घट्ट झाली तीच आजही प्रत्येक नव्या कंपनीसमोर उभी असते. फ्लेक्सनर स्वतः स्थलांतरित आईवडिलांचे पुत्र होते आणि पाहणीचे काम हाती घेण्यापूर्वी लुईव्हिल येथे महाविद्यालयीन प्रवेशाची तयारी करून घेणारी खाजगी शाळा चालवत होते, हा तपशील या विषयाच्या संदर्भात मोठा मजेशीर आहे.

परदेशी मनुष्यबळाचा प्रवाह दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाला. १९४८ च्या एक्स्चेंज व्हिजिटर कार्यक्रमाखाली फिलिपिन्समधील परिचारिका अमेरिकी रुग्णालयांत येऊ लागल्या, आणि परदेशी वैद्यकीय पदव्यांची तपासणी करणारी ईसीएफएमजी ही संस्था १९५६ साली स्थापन झाली. १९६५ हे वर्ष विशेष महत्त्वाचे आहे, कारण देशवार कोटा मोडीत काढणारा हार्ट-सेलर कायदा आणि वृद्धांसाठी व गरिबांसाठी सरकारी आरोग्यविमा देणाऱ्या मेडिकेअर व मेडिकेड या योजना एकाच वर्षी आल्या. एकाने सेवेची मागणी वाढवली, तर दुसऱ्याने ती भागवणाऱ्या माणसांची वाट मोकळी केली. परदेशी परिचारिकांची पात्रता तपासणारी सीजीएफएनएस १९७७ साली सुरू झाली. अशा रीतीने पदवी मायदेशात, तपासणी व परीक्षा अमेरिकेच्या आणि सराव पुन्हा अमेरिकेत, असा दुहेरी मार्ग रूढ झाला, व या मार्गावरच पुढे शिकवणीचा मोठा व्यवसाय उभा राहिला.

खालच्या पायरीचे नियमन मात्र उशिरा झाले. शुश्रूषागृहांतील दुरवस्थेवर इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९८६ साली अहवाल दिला आणि पुढच्याच वर्षीच्या संघीय कायद्याने नर्सिंग असिस्टंटसाठी किमान ७५ तासांचे प्रशिक्षण बंधनकारक केले, ज्यातील १६ तास देखरेखीखालील प्रत्यक्ष सरावाचे असतात. कॅलिफोर्निया, मेन यांसारख्या राज्यांनी स्वतःची मर्यादा याच्या दुपटीहून वर नेली. २००८ साली त्याच इन्स्टिट्यूटने संघीय मर्यादा किमान १२० तास करावी अशी शिफारस केली, तरी ७५ तासांचा आकडा जागचा हलला नाही. अनेक राज्यांत केशकर्तनाच्या परवान्याला हजार किंवा त्याहून अधिक तास लागतात, ही तुलना या क्षेत्रातील जवळपास प्रत्येक लेखनात येते, आणि ती घासून गुळगुळीत झाली असली तरी चुकीची नाही. घरी राहून केवळ वैयक्तिक मदत करणाऱ्या सेवकांसाठी तर संघीय पातळीवर प्रशिक्षणाची किमान अटच नाही.

या इतिहासात एका स्थलांतरित डॉक्टराचे काम आजच्या कंपन्यांच्या आधी येते व त्यांच्यापेक्षा वेगळ्या दिशेने जाते. व्हिएन्नात १९२४ साली जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले भूलतज्ज्ञ पीटर सफार यांनी तोंडावाटे श्वास देण्याच्या तंत्रावर मूलभूत संशोधन केले, आणि नॉर्वेतील खेळण्यांचे उत्पादक आस्मुंड लेर्डाल यांनी १९६० च्या सुमारास त्या तंत्राच्या सरावासाठी तयार केलेली ‘रेसुसी अ‍ॅन’ ही बाहुली जगभरच्या प्रशिक्षणात पोहोचली. १९६७ पासून पिट्सबर्ग येथे सफार यांनी स्थानिक संस्था व रुग्णालयाच्या साहाय्याने फ्रीडम हाऊस ही रुग्णवाहिका सेवा उभी करण्यात पुढाकार घेतला. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीतील बेरोजगार तरुणांना सुमारे ३०० तासांचे शिक्षण देऊन आपत्कालीन वैद्यकीय सेवक बनवण्यात आले, आणि तोवर पोलिसांच्या गाडीतून किंवा शववाहिनीतून रुग्ण नेण्याची जी पद्धत अमेरिकेत सर्रास होती तिला पर्याय मिळाला. १९७५ साली शहराने स्वतःची सेवा सुरू केल्यावर फ्रीडम हाऊस बंद पडली व तिचे बहुतेक कर्मचारी हळूहळू बाजूला पडले. अभ्यासक्रम टिकला, देशभर पसरला. ज्यांना शिकवले त्यांच्या नोकऱ्या मात्र टिकल्या नाहीत.

परीक्षेच्या तयारीचा व्यवसाय

स्थलांतरित उद्योजकाचे यश ज्या क्षेत्रात सर्वांत स्पष्ट दिसते ते परवाना परीक्षेच्या तयारीचे. गुंटूर जिल्ह्यातून आलेले डॉ. चंद्रशेखर पेम्मासानी यांनी अमेरिकेत रेसिडेन्सी करत असताना २००३ साली यूवर्ल्ड ही कंपनी सुरू केली. त्याआधी या परीक्षांची तयारी जाडजूड पुस्तके आणि कॅप्लानसारख्या जुन्या कंपन्यांचे वर्ग यांच्या आधारे होत असे. यूवर्ल्डने त्याऐवजी प्रश्नसंच हाच शिकवणीचा गाभा केला: प्रत्येक प्रश्नात एका रुग्णाची हकिगत, त्याखाली पर्याय, आणि उत्तर दिल्यानंतर बरोबर पर्याय का बरोबर व चुकीचा प्रत्येक पर्याय का चूक याचे सविस्तर विवेचन. ही मांडणी इतकी प्रभावी ठरली की अमेरिकेत शिकणारे विद्यार्थीही तिच्याकडे वळले, आणि पुढे कंपनीने एनक्लेक्ससह इतर व्यवसायांच्या परीक्षांकडे विस्तार केला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गुंटूरमधून उभे राहताना पेम्मासानी यांनी कुटुंबाची सुमारे ५,७०० कोटी रुपयांची मालमत्ता जाहीर केली आणि निवडून आल्यावर ते केंद्रात राज्यमंत्री झाले, त्यामुळे भारतीय वाचकाला हे नाव आता राजकारणातूनच अधिक परिचित आहे.

या यशाचे स्पष्टीकरण दोन प्रकारे दिले जाते. एका मतानुसार बाहेरून आलेल्या माणसाला परवान्याच्या पद्धतीतील प्रत्येक अडसर स्वतः ओलांडावा लागतो, स्थानिक विद्यार्थ्याला महाविद्यालयातून जे सहज मिळते ते त्याला तुकड्यातुकड्यांनी जमवावे लागते, आणि म्हणून नेमकी कोणती गोष्ट शिकवली जात नाही हे त्याला आधी दिसते. दुसरे मत अधिक कोरडे आहे. परीक्षा राष्ट्रीय असते, तिचा अभ्यासक्रम जाहीर असतो, शिकवणीला राज्याची मान्यता लागत नाही, विद्यार्थी स्वतःच्या खिशातून काहीशे डॉलर देतो आणि विक्रीसाठी एकाही रुग्णालयाशी करार करावा लागत नाही. अशा व्यवसायात ओळखीपाळखी व भांडवल नसलेल्या नवागताला शिरकाव मिळणे स्वाभाविक आहे. दोन्ही मते एकाच वेळी खरी असू शकतात, परंतु दुसरे मत खरे असेल तर हे यश प्रशिक्षणाच्या इतर शाखांत आपोआप उतरणार नाही, हा निष्कर्ष त्यातून निघतो.

शिवाय परीक्षेची तयारी कितीही चांगली झाली तरी पुढच्या टप्प्यावरील जागा तिच्यामुळे वाढत नाहीत. १९९७ च्या अर्थसंकल्पीय कायद्याने मेडिकेअरच्या पैशातून चालणाऱ्या रेसिडेन्सीच्या जागांवर मर्यादा घातली, आणि त्यानंतर जवळपास पाव शतकाने संसदेने १,००० नव्या जागांना मंजुरी दिली. २०२२ पासून यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्यात गुणांऐवजी केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल लागू झाल्यावर स्पर्धेचा भार दुसऱ्या टप्प्याकडे सरकला. शिकवणीची मागणी कमी झाली नाही, तिने जागा बदलली. परदेशी डॉक्टरांना पुन्हा रेसिडेन्सी न करता तात्पुरता परवाना देण्याचा कायदा टेनेसी राज्याने २०२३ साली केला आणि काही राज्ये त्या वाटेने निघाली, पण तो बदल विधिमंडळाचा आहे, बाजाराचा नाही.

मधल्या व खालच्या पायरीवरील नव्या कंपन्या

कोविडच्या साथीनंतर जोखीम भांडवल, म्हणजे तोट्याची शक्यता गृहीत धरून नव्या कंपन्यांत घातला जाणारा पैसा, परिचर्या व साहाय्यक सेवांकडे वळले. सौदी अरेबियात सुदानी कुटुंबात जन्मलेल्या व लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या इमान अबुझेद यांनी २०१७ साली सहसंस्थापकासह सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू केलेली इन्क्रेडिबल हेल्थ ही कंपनी मुख्यतः परिचारिका आणि रुग्णालय यांची गाठ घालून देते, आणि २०२२ साली तिचे मूल्यांकन १.६५ अब्ज डॉलर झाले. तिच्या पद्धतीत परिचारिकेने अर्ज करण्याऐवजी रुग्णालये तिच्याकडे येतात, आणि हा क्रम उलटणे हेच तिचे मुख्य नावीन्य. तथापि ही कंपनी तयार परिचारिकांची वाटणी करते, नव्या परिचारिका घडवत नाही, हे लक्षात ठेवावे लागते.

प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांपैकी न्यूयॉर्कमध्ये २०२१ साली सुरू झालेली स्टेपफुल ही मेडिकल असिस्टंट तयार करणारी कंपनी या प्रकाराचा चांगला नमुना आहे: काही महिन्यांची ऑनलाइन शिकवणी, त्यानंतर दवाखान्यातील सराव आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्राची परीक्षा. बहुतेक राज्यांत मेडिकल असिस्टंटला परवाना लागत नाही, म्हणून नव्या कंपन्यांनी आधी हेच काम निवडले यात आश्चर्य नाही. बोस्टनच्या केअरअकॅडमीसारख्या कंपन्या शुश्रूषा-संस्थांना त्यांच्या सेवकांसाठी लागणारे बंधनकारक प्रशिक्षण ऑनलाइन पुरवतात, म्हणजे त्यांचा ग्राहक शिकणारा नसून त्याचा मालक असतो.

याच काळात नफ्याविना चालणारे प्रयोगही झाले, व त्यांना वगळून हा आढावा अपुरा राहील. मेक्सिकोतून आलेले डॉक्टर होझे रामोन फर्नांडेझ-पेन्या यांनी २००१ साली सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू केलेला वेलकम बॅक हा उपक्रम परदेशात शिकलेल्या, पण अमेरिकेत हलक्या कामावर अडकलेल्या आरोग्य-व्यावसायिकांना परवान्याची वाट दाखवतो. मायग्रेशन पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार आरोग्यशाखेची पदवी असूनही बेकार किंवा पात्रतेपेक्षा कमी कौशल्याच्या कामावर असलेल्या स्थलांतरितांची संख्या अडीच लाखांहून अधिक आहे. ब्राँक्समध्ये १९८५ पासून चालणाऱ्या कोऑपरेटिव्ह होम केअर असोसिएट्स या कामगारांच्या मालकीच्या सहकारी संस्थेत भरतीपूर्वीचे प्रशिक्षण मोफत असते व शिकणाऱ्याला त्याच संस्थेत नोकरी मिळते. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला हा नमुना ओळखीचा वाटेल. अमेरिकेत मात्र तो अपवाद आहे.

वादातील भूमिका

पहिली भूमिका पुरवठ्याची आहे. तिच्या समर्थकांच्या मते शिक्षणसंस्थांच्या प्रतीक्षायाद्या, दिवसाच ठरावीक वेळी भरणारे वर्ग आणि न परवडणारे शुल्क यांमुळे काम करू इच्छिणारी माणसे बाहेर राहतात. मुलांना सांभाळून किंवा दुसरी नोकरी करून रात्री मोबाइलवर शिकता आले तर टंचाईचा मोठा भाग भरून निघेल. स्थलांतरित उद्योजकाला या वर्गाची भाषा, त्याची वेळ आणि त्याची भीती माहीत असते, असा या भूमिकेचा पुढचा मुद्दा असतो.

दुसरी भूमिका टंचाईच्या निदानावरच आक्षेप घेते. कामगारांच्या बाजूने लिहिणाऱ्या अभ्यासकांच्या मते येथे प्रशिक्षित माणसांचा नव्हे, टिकून राहण्याजोग्या नोकऱ्यांचा तुटवडा आहे. मे २०२३ च्या सरकारी आकडेवारीनुसार घरी जाणाऱ्या व वैयक्तिक मदत करणाऱ्या सेवकाचे मध्यक वार्षिक वेतन ३३,५३० डॉलर होते, म्हणजे निम्म्या सेवकांना त्याहून कमी मिळत होते. मेडिकल असिस्टंटचे ४२,००० डॉलर. २०१७-१८ च्या आकड्यांवर आधारलेल्या एका विस्तृत अभ्यासात शुश्रूषागृहांतील परिचर्या-कर्मचाऱ्यांच्या वार्षिक गळतीचे मध्यक ९४ टक्के आढळले. निम्म्या शुश्रूषागृहांत वर्षभरात जवळपास सगळी माणसे बदलावी लागत असतील, तर प्रशिक्षण देणारी कंपनी भांडे भरत नसून गळक्या भांड्यात पाणी ओतत असते, असे या पक्षाचे म्हणणे, आणि त्याचे उत्तर पहिल्या पक्षाने अजून नेमकेपणाने दिलेले नाही.

तिसरी भूमिका नियामकांची व व्यवसाय-संघटनांची असून तिचा भर रुग्णाच्या सुरक्षिततेवर आहे. जानेवारी २०२३ मध्ये ‘ऑपरेशन नाइटिंगेल’ या नावाने उघड झालेल्या प्रकरणात फ्लोरिडातील तीन नर्सिंग शाळांतून ७,६०० हून अधिक बनावट पदविका विकल्या गेल्याचे समोर आले व २५ जणांवर आरोप ठेवण्यात आले. पदविका विकत घेणाऱ्यांपैकी सुमारे २,४०० जण त्यानंतर एनक्लेक्स उत्तीर्ण झाले होते. फसवणूक ही अर्थातच फसवणूक, आणि तिचा प्रामाणिक कंपन्यांशी संबंध नाही. तरीही पुरेसा सराव न करता एवढ्या लोकांनी परवाना परीक्षा पार केली, यातून परीक्षा नेमके काय मोजते हा प्रश्न उभा राहतो, आणि परीक्षेच्या तयारीवर उभ्या असलेल्या उद्योगाला तो चुकवता येत नाही.

चौथी भूमिका देशादेशांतील न्यायाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली आरोग्यसेवकांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी आचारसंहिता स्वीकारली आणि २०२३ च्या यादीत ५५ देशांना भरतीपासून संरक्षणाची गरज असल्याचे नमूद केले. भारत या यादीत नाही, नेपाळ, बांगलादेश व पाकिस्तान आहेत. परीक्षेची शिकवणी स्वस्त झाली की स्थलांतर वाढते, व शिक्षणाचा खर्च एका देशाचा तर लाभ दुसऱ्याचा होतो, हा आक्षेप आहे. त्यावर अभ्यासक अ‍ॅनाली सॅक्सेनियन यांनी मांडलेली बुद्धीच्या अभिसरणाची कल्पना पुढे केली जाते, की गेलेला माणूस पैसा, ज्ञान व संपर्क परत आणतो. ती कल्पना सिलिकॉन व्हॅलीतील अभियंत्यांवरून आली आहे, आणि रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या परिचारिकेला ती कितपत लागू पडते यावर मतभेद आहेत. या प्रश्नाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंतही येतो: फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत जो करार केला त्यात परिचर्या क्षेत्राचा समावेश आहे. तेथे भाषा व प्रशिक्षण यांची जबाबदारी खाजगी कंपनीवर न सोडता दोन राज्ये ती आपसांत ठरवू पाहतात, हा अमेरिकी पद्धतीहून मूलतः वेगळा मार्ग आहे.

उपलब्ध पुरावा

ऑनलाइन शिकवणीच्या परिणामकारकतेबाबत पुरावा बराच सुसंगत आहे. आरोग्य-व्यावसायिकांच्या इंटरनेटवरील शिक्षणाचे अनेक अभ्यास एकत्र तपासणारे, २००८ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेले विश्लेषण असे सांगते की काहीही न शिकवण्याच्या तुलनेत असे शिक्षण खूप उपयोगी ठरते, परंतु पारंपरिक वर्गाच्या तुलनेत फरक लहान व अनिश्चित राहतो. प्रत्यक्ष सरावाच्या जागी अनुकरणाधारित सराव, म्हणजे बाहुल्या, नट किंवा संगणकीय रुग्ण यांच्यावरील सराव, चालेल का, यावर परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास निर्णायक मानला जातो. दहा नर्सिंग अभ्यासक्रमांत निम्म्यापर्यंत सराव अशा रीतीने बदलूनही ज्ञान, कौशल्य किंवा परीक्षेच्या निकालात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र त्या अभ्यासात प्रशिक्षित शिक्षक होते, पुरेशी साधने होती व प्रत्येक सरावानंतर पद्धतशीर चर्चा होत होती. त्याच निष्कर्षाच्या आधारे ७५ तासांच्या अभ्यासक्रमातील सोळा तासही पडद्यावर न्यावेत असे म्हणणे पुराव्याला फार ताणणे होय.

वेतनावरील परिणामांचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. ठरावीक उद्योगासाठी, मालकांच्या सहभागाने व उमेदवारांची आधी पारख करून दिलेल्या प्रशिक्षणाने उत्पन्न १२ ते ३४ टक्क्यांनी वाढल्याचे लॉरेन्स कॅट्झ व सहकाऱ्यांनी काही निवडक कार्यक्रमांच्या यादृच्छिक चाचण्यांवरून, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गटांच्या तुलनेवरून, दाखवले आहे. उलट २०१० च्या आरोग्यसुधारणा कायद्याखाली गरीब उमेदवारांना आरोग्यक्षेत्राचे शिक्षण देण्यासाठी दिलेल्या एचपीओजी अनुदानाच्या तशाच चाचणीत प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण वाढले, आरोग्यक्षेत्रातील नोकऱ्याही काहीशा वाढल्या, पण दीर्घ मुदतीत उत्पन्नात फरक दिसला नाही. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर शिकवणी कशी दिली यापेक्षा ती कोणत्या नोकरीकडे नेते हे अधिक महत्त्वाचे ठरते. या आढाव्यातून दिसणारे सर्वांत ठाम सूत्र हेच आहे: स्थलांतरित उद्योजकांची सरशी जेथे दिसते तो भाग शिकवणीचा व परीक्षेचा आहे, आणि क्षेत्राची खरी कोंडी देखरेखीखालील सरावाच्या जागा, परवाना व वेतन या तिहींत आहे, ज्यांवर कोणत्याही एका कंपनीचा ताबा नाही.

उद्योजकाची स्वतःची कायदेशीर स्थिती

स्थलांतरित व्यक्ती स्थानिकांपेक्षा सुमारे ८० टक्के अधिक प्रमाणात कंपन्या काढतात, असा पिएर आझुले व सहकाऱ्यांचा २०२२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आहे. त्याआधी विवेक वाधवा, सॅक्सेनियन व इतरांच्या २००७ च्या पाहणीत, १९९५ ते २००५ मध्ये स्थापन झालेल्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी कंपन्यांपैकी चौथ्या हिश्शात किमान एक संस्थापक स्थलांतरित असल्याचे आढळले होते. आक्षेपकांचे म्हणणे असे की अशा गणनेत नोकरीचे दार बंद असल्याने नाइलाजाने धंद्यात उतरलेले आणि संधी पाहून उतरलेले यांत भेद राहत नाही, व अब्ज डॉलरच्या कंपन्यांच्या याद्या तर केवळ जिंकलेल्यांच्याच असतात.

अमेरिकेत उद्योजकांसाठीचा स्वतंत्र व्हिसा नाही. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय उद्योजक नियमाने गुंतवणूक मिळालेल्या संस्थापकाला ३० महिन्यांच्या तात्पुरत्या वास्तव्याची सोय केली, परंतु तो व्हिसा नव्हे. एच-१बी व्हिसावर स्वतःच्याच कंपनीत काम करण्याचा मार्ग जानेवारी २०२५ मध्ये लागू झालेल्या नियमाने स्पष्ट झाला, तोही पहिल्या दोन वेळा प्रत्येकी १८ महिन्यांपुरता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. आरोग्य-प्रशिक्षणात याचा परिणाम विशेष जाणवतो. राज्याची मान्यता, रुग्णालयांशी करार आणि पहिल्या तुकडीचा निकाल यांना जो काळ लागतो तो अशा मुदतींच्या मापात बसत नाही, आणि म्हणून मान्यता न लागणाऱ्या शाखांकडे स्थलांतरित संस्थापकांचा ओढा का असतो याचे एक कारण त्यांच्या कौशल्यात नसून त्यांच्या पासपोर्टवरील शिक्क्यात असावे, असे मानायला जागा आहे.

खर्चाचा भार आणि अनिर्णित मुद्दे

शुल्क कोणी भरायचे हा मुद्दा सर्वांत कमी सुटलेला आहे. विद्यार्थ्याने सरकारी कर्ज काढून भरण्याच्या पद्धतीचा शेवट कॉरिंथियन कॉलेजेसने दाखवला: मेडिकल असिस्टंटसह अनेक अभ्यासक्रम चालवणारी ही कंपनी २०१५ साली कोसळली आणि २०२२ साली शिक्षण विभागाने तिच्या सुमारे ५ लाख ६० हजार विद्यार्थ्यांची ५.८ अब्ज डॉलरची कर्जे माफ केली. मालकाने शुल्क भरण्याच्या पद्धतीत विद्यार्थी कर्जातून सुटतो, पण ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च परत करण्याचे करार त्याच्यावर लादले जाऊ लागले, ज्यांची संघीय ग्राहक वित्त संरक्षण विभागाने २०२२ साली चौकशी सुरू केली. रुग्णालयाचा हिशेबही अगदीच अवाजवी नाही: शिकवलेला माणूस सहा महिन्यांत शेजारच्या रुग्णालयात गेला तर खर्च एकाचा व फायदा दुसऱ्याचा, हे अर्थशास्त्रातले जुने कोडे आहे.

जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने पेल या सरकारी शिक्षण-अनुदानाची कक्षा वाढवून, १ जुलै २०२६ पासून ८ ते १५ आठवड्यांच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांनाही ते लागू करण्याची तरतूद केली आहे. त्यासाठी किमान ७० टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रम पूर्ण करणे व तितक्याच प्रमाणात नोकरी मिळणे ही अट आहे आणि मंजुरीत राज्यपालांचा सहभाग आहे. नर्सिंग असिस्टंट, रक्तनमुने घेणारे तंत्रज्ञ, मेडिकल असिस्टंट यांचे अनेक अभ्यासक्रम याच मुदतीत बसवता येतात. परंतु अभ्यासक्रम किमान १५० तासांचा असावा, ही अट असल्याने केवळ ७५ तासांचे संघीय किमान प्रशिक्षण त्यात बसत नाही, आणि अनुदान केवळ मान्यताप्राप्त संस्थांनाच मिळत असल्याने नव्या कंपन्यांना एकतर स्वतः मान्यतेच्या लांबलचक प्रक्रियेत शिरावे लागेल, नाहीतर सामुदायिक महाविद्यालयांशी भागीदारी करावी लागेल. विद्यापीठांचे ऑनलाइन अभ्यासक्रम उत्पन्नाच्या वाट्यावर चालवणारी टूयू ही कंपनी २०२४ साली दिवाळखोरी संरक्षणात गेली, त्यामुळे अशा भागीदारीत महाविद्यालयाचा वाटा किती व कंपनीचा किती, विद्यार्थ्याच्या भरतीवर कमिशन असावे का, आणि सरावाच्या जागा मिळवण्याची जबाबदारी करारात कोणाच्या नावावर लिहायची, हे तिन्ही मुद्दे राज्यांच्या टेबलावर आहेत. नोकरी मिळाल्याची नोंद पहिल्या पगारावर करायची की वर्षभर टिकल्यावर, यावर मालक, कंपन्या आणि कामगार संघटना यांची उत्तरे आताच तीन दिशांना जात आहेत.